पहिली एसटी पकडा, मॅच नागपूरला आहे

मोबाइल घरीच ठेवा. आपण चाललो आहोत तिथे टॉवर नाही, आणि कुणी चुकून तो पाहिलाच तर दिवसभर उत्तरं देत बसाल. पाण्याची बाटलीही काढा पिशवीतून. पाणी विकत घेतलं म्हणून सांगाल तर भिवापुरातले लोक तुमच्या तब्येतीची चौकशी करतील. सोबत एवढंच असू द्या: फडक्यात बांधलेल्या पोळ्या, लसूण घालून वाटलेला ठेचा, डोक्याला बांधायला दुपट्टा आणि सुटे पैसे. शंभराची नोट काढलीत तर कंडक्टर तुमच्याकडे असं पाहील, की उतरून पायी जावंसं वाटेल.

मुक्काम ऐंशीचं दशक. सुरुवात भिवापूर स्टँडवरून, तीही अंधार असताना. नागपूर चांगलंच लांब. मोठी मॅच तिथल्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या, म्हणजे व्हीसीएच्या, मैदानावर होते, आणि जिल्ह्याचं मैदान म्हणजे आपलंच मैदान, एवढा हिशेब भिवापूरकरांना पुरतो.

जायला दोन वाटा आहेत. एक छोटी लाइन. नागभीडहून येणारी ही नॅरोगेज गाडी उमरेड, कुही करत इतवारीला पोचते. वेळ कोणती, हे ती स्वतः ठरवते. दुसरी वाट एसटीची. खिडकीची काच खाली सरकली की वर येत नाही, आणि वर असली की खाली सरकत नाही. तुम्ही एसटीनेच चला. गाडीवर भरवसा ठेवून पहिलं सत्र हुकवलेली माणसं स्टँडवर भेटतीलच, त्यांच्याकडून बाकीचं ऐका.

आता एक अट. निकाल सगळे तुम्हाला ठाऊक आहेत. कोण जिंकणार, कोण कधी बाद होणार, सगळं. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

पहिला थांबा, ऑक्टोबर १९८३. जूनमध्ये कपिलने लॉर्ड्सवर विश्वचषक उचलला, तेव्हापासून गावातल्या पोरांत बॅटिंगसाठी भांडण होत नाही. सगळ्यांना बॉलिंग पाहिजे. बॅट म्हणजे सुताराकडून तासून घेतलेली फळी, स्टंप म्हणजे तुराट्या. चेंडू नालीत गेला की ज्याने मारला त्यानेच काढायचा, हा नियम क्रिकेटच्या कोणत्याही पुस्तकात नाही आणि इथे तो मोडायची कुणाची टाप नाही.

पाकिस्तानचा संघ नागपुरात कसोटी खेळायला आला आहे. उन्हाचा चटका अजून ओसरलेला नाही. गणेशपेठ स्टँडवर उतरा, सीताबर्डीवरून सदरकडे चालू लागा. गर्दीच तुम्हाला फाटकापर्यंत नेते. सिमेंटच्या पायऱ्या चढून वर आलात की दोन मिनिटं काही बोलू नका. मैदान हिरवं आहे. हसू नका, शेजारच्या, गावातल्या एकुलत्या टीव्हीवर ते आजवर करडंच होतं. मुंग्या आलेल्या पडद्यावर कपिल आणि पंच यांच्यातला फरक टोपीवरून ओळखावा लागायचा. इथे तो सीमारेषेपाशी उभा राहून मनगट चोळतो आहे आणि ते तुम्हाला दिसतं आहे. सामना अनिर्णित सुटतो. परतताना एसटीत कुणाचीही तक्रार नाही. जो तो शेजाऱ्याला सांगतो आहे, कपिलने आपल्याकडे पाहिलं.

दुसरा थांबा, डिसेंबर १९८६. श्रीलंकेविरुद्ध कसोटी. पण आधी जरा गावातच थांबा आणि नाकाला दुपट्टा लावा. मिरचीचा हंगाम आहे. सातऱ्यावर, म्हणजे मिरचीच्या आवारात, लाल मिरची पसरली आहे, बाया ओळीने बसून देठ खुडत आहेत. बोटांची आग होते म्हणून मध्येच हात राखेत बुडवतात, आणि तुम्ही शिंकलात की हसतात. त्यांना शिंक येत नाही. भिवापुरात जन्मलेल्याला ती येत नसावी.

नागपुरात रात्री महाल भागात आत्याकडे उतरायचं, तर रिकाम्या हाताने कसं जाणार? पिशवीत शेरभर नवी मिरची आहे. पण आत्याकडे जायचं संध्याकाळी, म्हणून पिशवी घेऊनच तुम्ही मैदानात शिरता आणि ती पायाशी ठेवता. सकाळचं धुकं विरतं, स्वेटर उतरतात, पायऱ्या तापायला लागतात. भारताने ४५१ धावा केल्या आहेत, वेंगसरकरच्या १५३, मोहिंदर अमरनाथच्या १३१. आता मनिंदर सिंग डोक्याला पटका बांधून, दोन पावलं टाकल्यासारखं करून डावखुरी फिरकी सोडतो आहे. श्रीलंकेचा फलंदाज पुढे येतो, चुकतो. सगळे उठतात. पुन्हा बसताना एक गृहस्थ नेमके तुमच्या पिशवीवर बसतात.

पुढची काही षटकं त्या रांगेत कुणालाच दिसत नाहीत. ठसका, शिंका, डोळ्यांतून पाणी. मागचा माणूस विचारतो, "काऊन बे, आऊट झालं त रडून काऊन राहिले?" मनिंदरने त्या डावात ५१ धावांत ७ बळी घेतले, श्रीलंका १४१ वर आटोपली आणि भारत डावाने जिंकला. त्या सातांपैकी तुम्ही किती पाहिले, हे आत्याला सांगू नका. मिरची थोडी चुरडली आहे, तेही ती विचारेपर्यंत सांगू नका.

तिसरा थांबा लगेच पुढे, त्याच हिवाळ्यात, आणि यासाठी नागपूरला जायचं नाही. धान कापून मोकळं झालेलं शेत, भिवापूरजवळचंच एखादं गाव, आणि शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. व्हीसीएवर तुम्ही पाहुणे असता. पटाला तुम्ही घरचे.

सकाळी थंडी इतकी, की चहाचा ग्लास प्यायच्या आधी गालाला लावावासा वाटतो. वाटेवर बैलबंड्यांची रांग लागली आहे. बंडीत तणसावर बसलेली आजी, तिच्या मांडीवर चिवड्याचा डबा. धावायच्या जोड्या मात्र बंडीला जुंपून आलेल्या नाहीत. त्यांना चालवत, गोंजारत, पाठीवर झूल टाकून आणलं आहे. शिंगं रंगवलेली. बैलाच्या अंगाला तेलाचा आणि शेणाचा मिळून एक उबदार वास येतो. नाव मालकाचं पुकारतात, पण लोक ओळखतात बैलाला.

दोन रांगांमध्ये माणसं दाटली आहेत आणि मधे मोकळी वाट. लांबून एक आरोळी येते. जमीन आधी पायाला कळते, जोडी मग दिसते. छकड्यावर धुरकरी अर्धा उभा, अर्धा हवेत, शेपटीला हात घातलेला. तुमच्यासमोरून ती जाते तेव्हा दिसत काहीच नाही. धूळ, ढेकळं, घुंगरू आणि तोंडावर उडालेला फेस. संपलं. घड्याळवाला सेकंद पुकारतो आणि सेकंदाच्या तुकड्यावरून गावचे दोन जाणते एकमेकांचे आजोबा काढतात. तुम्ही सकाळपासून उभे आहात, पाहायला मिळाले ते चार श्वास. तरी पुढच्या जोडीसाठी मान वळतेच.

संध्याकाळी घरी जायचं नाव नाही. रात्री मंडपात नाटक आहे, पहाटेपर्यंत चालेल. पटाला आलेले पाहुणे, सोयरे, लग्नाचं बोलणं करायला आलेले, सगळे घोंगडी घेऊन बसले आहेत. दिवसभराची धूळ घशात आहे. ती उतरवायला भजी आहेत, आणि भजीत काय घातलं आहे ते ठसक्यावरून कळेलच.

चौथा थांबा, मार्च १९८७. इथे फार वेळ काढणार नाही, कारण ऊन काढू देत नाही. पाकिस्तानविरुद्ध एकदिवसीय सामना. मार्च म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला अजून उन्हाळा लागायचा असतो. नागपुरात तो लागून गेलेला आहे. पायरीवर बसायच्या आधी वर्तमानपत्र अंथरा, नाहीतर विजारीला बातम्यांऐवजी फोड येतील. डोक्यावरच्या दुपट्ट्याखाली एक फोडलेला कांदा ठेवला आहे एका काकांनी. दुपारपर्यंत त्या कांद्याचा वास सगळ्या रांगेचा होतो. बर्फाचा गोळा विकणारा आला की लोक तो खात नाहीत, मानेवर धरतात.

पाकिस्तान २८६ करतं. पाठलागात आपण मागे मागे राहत जातो. मैदान शांत होतं, आणि तेव्हा लक्षात येतं की इतका वेळ आपण किती गोंगाटात बसलो होतो. ४१ धावांनी हरलो. परतीच्या एसटीत दिवे विझलेले, कुणी बोलत नाही. पाचगाव मागे पडल्यावर एक जण म्हणतो, "ऊनच लय होतं बावा." सगळे हो म्हणतात. हरल्याचं एवढं कारण त्या दिवशी सगळ्यांना चालून जातं. ऊन पाकिस्तानलाही होतं, हे बोलून दाखवायला तुम्ही भविष्यातून आलेला नाहीत.

पाचव्या थांब्यासाठी दशकाच्या शेवटाला जाऊ. १९८९, दिवाळीचे दिवस. नेहरू चषकाचा उपांत्य सामना, पण खेळणारे इंग्लंड आणि पाकिस्तान. भारताचा सामना तिकडे मुंबईत. म्हणजे आपल्या वाट्याला परक्यांची मॅच आली. घरात अजून अनारशांचा वास आहे, आई म्हणते सणासुदीचं कशाला जाता. तुम्ही जाताच. डबा आज वेगळा आहे: शेव, फुटलेल्या करंज्या आणि चिवडा.

पावसामुळे सामना ३०-३० षटकांवर आला आहे. ओल्या मातीचा वास, पायऱ्यांवर ओल, बसायची पंचाईत. टाळ्या कुणासाठी वाजवायच्या, हे कुणी ठरवून आलेलं नाही. पहिला तास लोक चेंडूसाठीच टाळ्या वाजवतात. मग इंग्लंडच्या १९४ चा पाठलाग करताना सलीम मलिक असा काही सुटतो, ६६ धावा करून जातो, आणि रमीझ राजा दुसऱ्या टोकाला शेवटपर्यंत उभा राहतो, की शेजारचे लोक नकळत पुढे सरकून बसतात. कुणीतरी दबक्या आवाजात "वा!" म्हणतं आणि लगेच इकडेतिकडे पाहतं. कुणी रागावत नाही. मग दुसरा म्हणतो, जरा मोठ्याने. आपलं कुणी नसलेल्या मॅचला एवढा जीव टांगणीला लागतो, हे भिवापूरला जाऊन सांगितलंत तर खरं वाटणार नाही.

सहावा थांबा मुद्दाम मागे ठेवला होता. दोन वर्षं मागे या. ३१ ऑक्टोबर १९८७, शनिवार. विश्वचषक आपल्याकडे आला आहे आणि भारत-न्यूझीलंड सामना नागपूरला.

आदल्या रात्री आत्याकडे महालात झोपलात. झोपलात म्हणजे पडलात. ओसरीवर आणखी सातआठ जण आहेत, सगळे मॅचवाले, आत्याचं नातं त्यांतल्या निम्म्यांशी आज जुळलं आहे. पहाटे बंबाचा धूर, मग कोपऱ्यावर तर्री-पोहे. पोह्यावर तर्रीचा लाल तवंग पसरतो, वर दोन चार हरभरे, कच्चा कांदा. नाक वाहतं, पुसायला वेळ नाही. सायकलरिक्षावाला सदरचे दुप्पट मागतो. "आज वर्ल्डकप हाय भाऊ," असं तो म्हणतो, जणू तोच भरवतो आहे.

फाटकावर रेटारेटी. बांबूंच्या मधून रांग आत सरकते आणि तुमचे पाय जमिनीला लागत नाहीत. नव्या कापडाचा, घामाचा, केसांच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळला आहे. पोलीसदादा पिशवी उघडून पाहतात. आतमध्ये आंबिया बहाराची हिरवट-पिवळी संत्री. "हे आत नाही जात. फेकता तुम्ही." "खायला आणली दादा." "मंग खा." तिथेच, भिंतीला पाठ लावून, मागून धक्के खात तुम्ही सगळी संत्री सोलता आणि गिळता. रस कोपरापर्यंत येतो. हात दिवसभर चिकट राहणार, आणि दुपारी त्यावर माश्या बसणार, हे तिकिटात धरलेलं आहे.

वर जागा मिळते ती उमरेडच्या एका काकांशेजारी. खदानीत कामाला आहेत, रात्रपाळी करून थेट आले आहेत. नखांच्या कडांना कोळसा, मांडीवर कातडी म्यानातला ट्रान्झिस्टर. मैदान समोर असलं तरी समालोचन पाहिजेच. डोळ्यांनी दिसतं त्यावर रेडिओची सही झाल्याशिवाय काका मान हलवत नाहीत.

न्यूझीलंड फलंदाजी करतं. ऊन चढतं. डबे वाजतात, भोंगे वाजतात, कुणीतरी शंख आणला आहे. खाली तारेपलीकडे क्षेत्ररक्षक आला की दोनशे माणसं एकाच वेळी त्याचं नाव घेतात आणि त्याने मान वळवली की दोनशे माणसं एकाच वेळी लाजतात. शौचालयाच्या बाजूने वारा आला की त्या टोकाचे लोक दुपट्टे नाकाला लावतात.

धावफलक हाताने बदलतात. ५ बाद १८२. बेचाळिसावं षटक, चेतन शर्मा. तुमचे तळवे घामेजले आहेत, कारण तुम्हाला माहीत आहे. नेमके याच वेळी काका उठतात.

"जागा पाहा बरं, मी येतो जाऊन."

"थांबा ना काका."

"कायले?"

"एवढी ओव्हर होऊ द्या."

काका तुमच्याकडे बघतात, पोट सांभाळत पुन्हा बसतात आणि अख्ख्या तरुण पिढीबद्दल एक वाक्य पुटपुटतात. तेवढ्यात रुदरफोर्डचा मधला स्टंप जातो. गर्दी उसळते. इयन स्मिथ येतो, पहिलाच चेंडू, त्रिफळा. आता काका पायरीवर उभे नाहीत. ते तुमच्या पिशवीवर, म्हणजे तुमच्या पोळ्यांवर, उभे आहेत. चॅटफिल्ड गार्ड घेतो. चेतन शर्मा मागे वळतो. सगळं मैदान उभं राहतं आणि तुमच्या पुढचा उंच माणूस आपल्या पोराला खांद्यावर घेतो.

तुम्हाला दिसते ती त्या माणसाच्या पाठीवरची घामाची ओल आणि पोराची चप्पल.

मग आवाज. तो कानात येत नाही, छातीत येतो. चॅटफिल्डचाही त्रिफळा. विश्वचषकातली पहिली हॅट्‌ट्रिक. तुम्ही त्यासाठी एवढी वर्षं ओलांडून आलात आणि तिसरा बळी पाहिला काकांनी. पुन्हा दाखवायला मोठा पडदा नाही. जो क्षण गेला तो गेला, आता तो ज्याच्या डोळ्यांत आहे त्याच्याकडून मागून घ्यायचा. काका उदार आहेत. ते तुम्हाला तो पुन्हा पुन्हा करून दाखवतात, कधी बॉलर होऊन, कधी स्टंप होऊन. धावफलकावर ५ चा ८ होतो, १८२ तसेच राहतात. ट्रान्झिस्टरही तेच सांगतो आणि काका मान हलवतात. आता ते जाऊन येऊ शकतात.

चपट्या पोळ्या वाटून खाल्ल्या. ठेच्याने काका खूश. न्यूझीलंडच्या झाल्या २२१. नुसतं जिंकून भागणार नाही. ४२.२ षटकांत जिंकलो तरच गटात पहिले आणि उपांत्य सामना मुंबईत. काका बिडीच्या कागदावर भागाकार करतात आणि सलामीला येणाऱ्या गावस्करकडे बघून तो कागद चुरगाळतात. "साठ ओव्हर खेळून ३६ केले होते यानं वर्ल्डकपात. अन् आता तापही हाय म्हंते अंगात." पंचाहत्तर सालचं लोकांनी अजून विसरलेलं नाही. तुम्ही गप्प राहा. ओठ चावा.

सुरुवातीच्याच एका षटकात चॅटफिल्डला षटकार. पुन्हा षटकार. मग चौकार. पुन्हा चौकार. काकांच्या तोंडातली बिडी विझली आहे आणि ती त्यांना आठवत नाही. दुसऱ्या बाजूने श्रीकांत नाक उडवत, सूर्याकडे बघत ५८ चेंडूंत ७५ ठोकून जातो. गावस्कर थांबत नाही. ८५ चेंडूंत शतक, एकदिवसीय क्रिकेटमधलं त्याचं पहिलं आणि एकुलतं. ओळख ना पाळख, लोक एकमेकांना मिठ्या मारत आहेत. तुमच्या संत्र्याच्या रसाने चिकट झालेल्या हातांना कुणाचा तरी गुलाल चिकटतो. अझरुद्दीन सोबतीला आहे. ३२.१ षटकांत, एकच गडी गमावून, मॅच खिशात. गावस्कर नाबाद १०३.

बाहेर पडताना एक चप्पल कुणाच्या तरी पायाखाली राहते. शोधू नका. त्या संध्याकाळी सदरच्या रस्त्यावर एकट्या चपला शेकड्याने पडल्या आहेत. गणेशपेठला एसटीत खिडकीतून पिशवी टाकून जागा धरायची. तुमची पिशवी पडते आणि शेजारच्या खिडकीतून पडतो कातडी म्यानातला ट्रान्झिस्टर. काकाच. उमरेडपर्यंत सोबत.

बसमध्ये डिझेलचा वास, घसे बसलेले, तरी बोलणं सुरू. मॅच पुन्हा पहिल्या चेंडूपासून खेळली जाते, आणि हळूहळू तुम्ही न पाहिलेला तिसरा त्रिफळाही तुम्ही पाहिलेला होतो. अशाने सगळ्यांचंच बरं चाललं आहे. मग दिघोरीच्या पुढे, अंधारात, काका एकदम खालच्या आवाजात बोलतात.

"सगळं झालं. पण आपला कुणीच नाही न त्याइच्यात. मुंबईचा, मद्रासचा, हैदराबादचा. विदर्भाचा एक पोट्टा नाही. आपण नुसते टाळ्या वाजवाले."

बसमधले दोघंतिघं "हाव ना" म्हणतात.

"अन् खदानीतल्या मानसाचा पोट्टा," काका स्वतःशीच हसतात, "तो त काय इंडियाकडून बॉलिंग टाकीन!"

आता मात्र तुमची कसोटी आहे. कारण बरोबर सहा दिवसांपूर्वी, २५ ऑक्टोबरला, इथेच नागपूरकडे, कोळसा खाणीत काम करणाऱ्या एका माणसाला मुलगा झाला आहे. तो विदर्भाकडून खेळेल, ताशी १४० किलोमीटरने चेंडू टाकेल, आणि विदर्भाच्या संघातून भारताच्या कसोटी संघात जाणारा पहिला खेळाडू होईल. उमेश यादव. सगळं तुमच्या जिभेच्या टोकावर आलं आहे आणि अट तुम्हीच मान्य केली होती.

तरी एवढं निसटतंच. "टाकीन काका. पाहाल तुम्ही."

काका वळून बघतात. सकाळपासून तुम्ही त्यांना नको तिथे थांबवलंत आणि खरे ठरलात, हे त्यांच्या ध्यानात आहे. ट्रान्झिस्टरचा आवाज बारीक करून ते विचारतात, "कोण बे? नाव सांग."

झाली ना पंचाईत. पोरगं अजून आठवड्याचंही नाही. त्याचं नाव त्याच्या घरच्यांनी तरी ठरवलं असेल का?